बघायचे कसले पैसे?

गेला दीड महिना मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बराच प्रसिद्ध झालो होतो. कारण मात्र सांगण्यासारखं नव्हतं. सकाळी आठला गाडी सुरू केली की बॉनेटखालून असा काही आवाज यायचा की कबुतरं उडायची. आधी 'किर्रर्र', मग त्यात मिसळलेली 'घर्रर्र'. एकदा पहिल्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून वाकून विचारलंसुद्धा, "काय रे, मांजर-बिंजर अडकलंय का आत?"

मांजर नव्हतं. काय होतं ते कळायला मला तीन गॅरेजं, दीड महिना आणि बरीचशी लाज खर्च करावी लागली. शेवटी निघालं काय, तर मुठीएवढी एक पुली. पण ती शोधण्याच्या भानगडीत जे कळलं ते मला त्या पुलीपेक्षा महत्त्वाचं वाटतंय, म्हणून या शनिवारी हे पुराण.

आधी एक कबुलीजबाब. माझी डिग्री मेकॅनिकल इंजिनियरिंगची आहे आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. (पुण्यात ही जमात नवीन नाही. आमच्या आठ जणांच्या टीममध्ये तीन मेकॅनिकलवाले आणि एक सिव्हिलवाला आहे.) त्यामुळे घरात गाडीचं काही झालं की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मोबाईलकडे. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, नव्वद हजार किलोमीटर पळालेली. कर्ज फिटलंय, त्यामुळे जीव आहे तिच्यावर.

तर आवाज डिसेंबरच्या थंडीत सुरू झाला. गंमत अशी की गाडी जरा गरम झाली, म्हणजे कात्रजच्या चौकापर्यंत पोचलो, की तो निम्म्याने कमी व्हायचा. त्यामुळे मी जगातला सर्वात सोपा उपाय केला. गाण्यांचा आवाज वाढवला. खरंच सांगतो, तीन आठवडे मी हेच केलं. मग एका रविवारी आई मागे बसली होती आणि गाणी बंद होती. ती म्हणाली, "हा आवाज कसला रे? पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जायचंय आपल्याला." मी म्हटलं, "जुनी गाडी आहे, होतं असं." बाबा नुसते म्हणाले, "खंबाटकीत बंद पडली म्हणजे?"

बाबांच्या काकांकडे एकेकाळी फियाट होती. तिच्या डिकीत फॅन बेल्ट नेहमी एक जास्तीचा ठेवलेला असायचा, असं बाबा सांगतात. घाटात बेल्ट तुटला की रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, पाना काढायचा आणि नवा चढवायचा. तेव्हा ते शक्यही होतं, कारण बेल्ट छोटा, इंजिनापुढे जागा भरपूर, आणि हात घातला की सगळं दिसायचं.

आताच्या गाड्यांत तसं नाही. पूर्वी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे एक-दोन किंवा तीन वेगवेगळे बेल्ट असायचे. मग सगळी कामं एकाच लांब, चपट्या, रेघारेघांच्या बेल्टवर टाकायची कल्पना निघाली. १९७९ च्या फोर्ड मस्टँगवर तो आला आणि मग हळूहळू सगळीकडे पसरला. सापासारखा वळसे घेत जातो म्हणून त्याला सर्पेन्टाईन बेल्ट म्हणतात. माझ्या गाडीत हा एकच बेल्ट अल्टरनेटर फिरवतो (म्हणजे बॅटरी चार्ज होते), एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे तो तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागणार, स्टिअरिंग दगडासारखं जड होणार आणि काही मिनिटांत इंजिन तापणार. चढणीला आणखी लवकर. सगळ्याच गाड्यांत असं नसतं. काहींत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर असतो, आणि बऱ्याच नव्या गाड्यांचं स्टिअरिंग विजेवर चालतं. माझ्या गाडीत मात्र सगळी अंडी एकाच टोपलीत. नव्हे, एकाच पट्ट्यावर.

या सगळ्यात आयडलर पुली काय करते? काहीच नाही! नावातच आहे. ती काही चालवत नाही, नुसती फिरते. पण बेल्टला योग्य दिशेने वळवणं आणि शेजारच्या पुलीला तो जास्तीत जास्त लपेटला जाईल हे बघणं, हे तिचं काम. दुसऱ्या वर्षाला 'थिअरी ऑफ मशिन्स'मध्ये बेल्टच्या ताणाचं समीकरण सिद्ध करा असा हमखास प्रश्न असायचा. मी तो पाठ करून पूर्ण मार्क मिळवले होते. त्या समीकरणाचा अर्थ एवढाच की बेल्ट पुलीला जितका जास्त लपेटतो, तितकी पकड सरळ हिशोबाने नाही तर घातांकाने वाढते. म्हणजे ही रिकामटेकडी पुली नसेल तर बाकीच्या कामकरी पुल्यांवर बेल्ट सटकेल. (प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतो. काय करतो ते कोणालाच सांगता येत नाही, पण तो रजेवर गेला की सगळं घसरतं.)

आणि ही पुली फिरते किती? ढोबळ हिशोब करू. क्रँकची पुली तिच्या दुप्पट व्यासाची धरली तर आयडलर इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरते. शहरात इंजिन सरासरी दीड हजार आरपीएमने चाललं, तर पुली तीन हजारने. नव्वद हजार किलोमीटर, ताशी तीसच्या सरासरीने, म्हणजे तीन हजार तास. गुणाकार केला तर चोपन्न कोटी फेरे. एका बारक्या बॉल बेअरिंगवर, कारखान्यात एकदाच भरलेल्या ग्रीसवर. ते कुरकुरलं तर आश्चर्य नाही. इतकी वर्षं गप्प राहिलं याचंच आश्चर्य.

पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मला फक्त आवाज ऐकू येत होता.

पहिलं गॅरेज मोठं होतं. काचेचं दार, एसी, कॉफीचं मशीन, हातात टॅब घेतलेला सर्व्हिस अॅडव्हायझर. त्याने बॉनेट उघडलं, दीड मिनिट ऐकलं आणि सांगितलं, "अल्टरनेटरचं बेअरिंग गेलंय सर. पूर्ण असेम्ब्ली बदलावी लागेल." एस्टिमेट १९,४०० रुपये. मी विचारलं, "अल्टरनेटरच कशावरून?" तो म्हणाला, "सर, या गाड्यांत तेच होतं." बरं, तो अगदीच खोटं बोलत नव्हता. आवाज त्याच बाजूने येत होता, आणि अल्टरनेटरचं बेअरिंग जाणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. पण 'तेच होतं' हा अनुभव झाला, तपासणी नाही झाली. विचार करून सांगतो म्हणून मी सटकलो.

दुसरं गॅरेज हायवेच्या कडेचं. तिथल्या पोराने एक डबा काढला, चालत्या बेल्टवर फुस्स करून फवारा मारला आणि आवाज बंद! दीडशे रुपये. मी इतका खूश झालो की त्याला पन्नास रुपये वर दिले. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी सकाळी घर्रर्र पुन्हा हजर. वर त्या चिकट फवाऱ्यावर रस्त्याची सगळी धूळ बसून बेल्ट पापडासारखा खरबरीत झालेला. हे स्प्रे बेल्टला तेवढ्यापुरते चिकट करतात, म्हणून सटकण्याचा आवाज थांबतो. का सटकतोय ते तसंच राहतं. माझ्या बाबतीत तर किर्रर्र थोडी दबली म्हणून घर्रर्र गेल्यासारखी वाटली होती, एवढंच.

तिसरं गॅरेज धनकवडीतलं, आमच्या जुन्या घरामागचं. पत्र्याची शेड आहे. बाबांची स्कूटर तिथंच दुरुस्त व्हायची, त्यामुळे मालकांना आम्ही सगळे मामा म्हणतो. खरं तर सगळ्यात आधी तिथंच जायला हवं होतं. का गेलो नाही? कॉफीचं मशीन नाही म्हणून. दुसरं कारण नाही.

मामांनी आधी गाडी बघितलीच नाही. म्हणाले, "आता गरम आहे. गरम गाडीचा आवाज काय ऐकायचा? रात्री इथंच सोड, सकाळी सातला ये." दोन्ही गॅरेजांत मला कोणी हे विचारलं नव्हतं की आवाज येतो कधी! आम्ही सॉफ्टवेअरवाले बग दिसला की पहिला प्रश्न विचारतो, "पुन्हा करून दाखवता येतो का?" तोच प्रश्न मामांनी वेगळ्या शब्दांत विचारला होता.

शनिवारी सकाळी सातला गाडी सुरू केली. घर्रर्र. मामांनी पाण्याची बाटली घेतली आणि चालत्या बेल्टच्या रेघांच्या बाजूवर लांबून थोडं पाणी मारलं. आवाजात काही फरक नाही. "बेल्ट ओरडत नाहीये," ते म्हणाले. "बेल्ट ओरडत असता तर फरक पडला असता." यामागचं गणित असं, की पाणी मारल्यावर चिवचिव क्षणभर थांबली तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला तर बेल्ट सैल आहे, सटकतोय. काहीच बदललं नाही तर दोष बेअरिंगकडे असण्याची शक्यता जास्त.

मग त्यांनी हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, मला "हात मागं घे" म्हणून दटावलं, आणि त्याची मूठ कानाच्या हाडाला लावून टोक एकेका ठिकाणी टेकवलं. फिरत्या पुलीला नव्हे. अल्टरनेटरच्या अंगाला, पंपाच्या अंगाला, आयडलरच्या मधल्या न फिरणाऱ्या बोल्टला. डॉक्टर छातीवर नळी सरकवत जातात ना, अगदी तसं. (हे घरी करू नका. चालत्या बेल्टजवळ सैल बाही, ओढणी, गळ्यातलं काहीही गेलं तर तो ओढून घेतो.) आयडलरपाशी ते थांबले. पण लगेच बोलले नाहीत. इंजिन बंद केलं, टेन्शनर पान्याने ओढून बेल्ट उतरवला आणि मला म्हणाले, "आता सुरू कर, आणि दहा मोजून बंद कर."

एक, दोन, तीन... आवाज नाही. मी दहाला किल्ली फिरवली. (बेल्ट नसला की पाण्याचा पंपही बंद, म्हणून दहाच.) म्हणजे इंजिन निर्दोष. दोष बेल्टवरच्या चार-पाच वस्तूंपैकी एकात. मग एकेक पुली हाताने फिरवायची. अल्टरनेटर लोण्यासारखा. पंप ठीक. एसी ठीक. आयडलर फिरवली तर गरगर फिरतच राहिली. मला वाटलं, वा, किती मोकळी! मामा हसले. "हीच तर मेलीय." चांगल्या आयडलरमध्ये ग्रीस असतं, ते तिला धरून ठेवतं. ती एक-दोन फेऱ्यांत थांबते. ग्रीस संपलेली पुली मात्र भोवऱ्यासारखी फिरते, आणि बोटांना आत वाळू असल्यासारखी खरखर लागते. एवढं सगळं व्हायला चाळीस मिनिटं लागली.

बेअरिंगच्या सीलपाशी तपकिरी, गंजलेल्या ग्रीसचा ओघळ होता. मामांनी विचारलं, "इंजिन धुतलंस का कधी प्रेशरने?"

धुतलं होतं. दसऱ्याला. खंडेनवमीला गाडी चकचकीत हवी म्हणून सर्व्हिसिंगवाल्याला मीच सांगितलं होतं, बॉनेटच्या आतूनही मार. प्रेशरचं पाणी सील ओलांडून आत शिरतं आणि ग्रीसची वाट लावतं. माझ्या पुलीचं तसंच झालं असेल असं मामांचं म्हणणं, आणि तो ओघळ बघून मलाही पटलं. म्हणजे ज्या यंत्राला मी हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून नमस्कार केला, त्याच्याच बेअरिंगमध्ये मी आदल्या दिवशी पाणी घातलं होतं.

पुली बदलायचं काम मामांनी मला करायला लावलं. "इंजिनियर ना तू, कर की." बेल्ट काढण्यापूर्वी त्याच्या मार्गाचा फोटो काढून ठेवला होता, तेवढीच माझी हुशारी. बेअरिंगवर ६२०३ नंबर होता, म्हणजे आतून १७ मिलिमीटर, बाहेरून ४०, रुंदी १२. मी लगेच म्हटलं, नुसतं बेअरिंग बदलू, स्वस्तात होईल. मामांनी पुलीवर नख फिरवून दाखवलं. प्लॅस्टिकवर बेल्टने चर पाडला होता. म्हणून अख्खी पुली. बेल्टवर ६पीके छापलेलं होतं, म्हणजे सहा रेघा. पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. मला वाटत होतं बेल्टला चिरा नाहीत, चालेल अजून. तर ते जुन्या निओप्रीनच्या बेल्टचं लक्षण. आताचे ईपीडीएमचे बेल्ट सहसा चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात. दिसायला ठीक, पण रेघांमधली खाच खोल आणि रुंद होत गेलेली. त्यात माझ्या बेल्टवर त्या स्प्रेचा चिकटा. म्हणून बेल्टही नवा.

बेल्ट चढवला, टेन्शनर सोडला, मोठ्या रुबाबात किल्लीकडे गेलो. मामा म्हणाले, "थांब. बोट फिरव सगळीकडून." अल्टरनेटरच्या पुलीवर बेल्ट एक रेघ सरकून बसला होता. एक रेघ पुलीच्या बाहेर हवेत! तसाच सुरू केला असता तर नवा बेल्ट कडेने उसवत गेला असता. डोळ्यांना दिसलं नव्हतं, बोटाला लागलं. परत उतरवला, परत चढवला. किल्ली फिरवली. शांतता. इतकी की एसीच्या पंख्याचा आवाज ऐकू आला.

आता मुद्द्यावर येतो.

पुली ८५० रुपये. बेल्ट १,१५०. मजुरी ४००. एकूण २,४००. मी पैसे काढत विचारलं, "आणि शोधायचे किती?"

मामा म्हणाले, "बघायचे कसले पैसे?"

मला वाटलं हा मोठेपणा. पण ते पुढे जे बोलले ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. "बघायचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं, काही बदललंच नाही तर पैसे कसले देऊ? तासभर बघून 'काही नाही, नुसता बोल्ट ढिला होता' सांगितलं, तर वीस रुपये टेकवून जातात. म्हणून आताची पोरं बघतच नाहीत. सरळ बदलतात. बदललं की पैसे मिळतात."

घरी येऊन मी गेल्या पाच वर्षांतली गाडीची सगळी बिलं काढली. प्रत्येकावर दोनच रकाने, पार्ट्स आणि लेबर. आणि लेबर म्हणजे काय, तर अमुक बदलण्याचं लेबर, तमुक बसवण्याचं लेबर. काय बिघडलं ते शोधण्याचा रकाना एकाही बिलावर नव्हता. आणि मी तो कधी मागितलाही नव्हता.

हिशोब बघा. मामांनी चाळीस मिनिटं लावून १९,४०० चं काम २,४०० वर आणलं. त्यात त्यांना मिळाले चारशे, तेही पुली बसवण्याचे (जी मी बसवली!). दीड मिनिटात अल्टरनेटर सांगणाऱ्या गॅरेजचं दुकान मात्र त्या असेम्ब्लीवर चाललं असतं. म्हणजे जो माणूस जितकं अचूक शोधेल तितकं त्याचं बिल लहान होणार, आणि जो अंदाजाने मोठी वस्तू बदलेल त्याचं बिल मोठं होणार. अशी पद्धत आपण ठेवली, आणि वर म्हणतो, "हल्ली चांगले मेकॅनिक राहिले नाहीत." कसे राहतील? चांगलं असण्याचे पैसे आपण देतोच कुठे?

आणि हे मी म्हणतोय, ज्याचा पगारच शोधण्याचा येतो. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक बग होता. चार दिवस मी लॉग वाचत बसलो होतो. शेवटी दुरुस्ती निघाली एका ओळीची. क्लायंटला बिल चार दिवसांचं गेलं. कोणी म्हटलं नाही की एका ओळीचे चार दिवसांचे पैसे कसले! उलट मला शाबासकीची ईमेल आली. तेच काम मामा पाण्याची बाटली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन करतात, तर ते फुकट. फरक एवढाच दिसतो की मी एसीत बसतो आणि माझे हात काळे होत नाहीत.

दुसरी बाजूही मांडतो. त्या मोठ्या गॅरेजातला मुलगा चोर नाही. त्याला दिवसभरात ठरलेल्या गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात. एका आवाजामागे चाळीस मिनिटं लावली तर त्याचा साहेब त्याला विचारणार. अख्खी असेम्ब्ली बदलली की त्या असेम्ब्लीवर वॉरंटी देता येते, ग्राहक परत भांडायला येण्याची भीती कमी. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. फक्त माझ्या गाडीत अल्टरनेटर बदलूनही घर्रर्र तशीच राहिली असती आणि मग 'आता आयडलर बघू' असं म्हणत दुसरं बिल झालं असतं.

एक आक्षेप माझ्या मित्रानेच घेतला. तो म्हणाला, "उद्या सगळे बघायचे पैसे घ्यायला लागतील आणि बघणार नाहीतच. मग?" आक्षेप खरा आहे. पण डॉक्टरांचं काय करतो आपण? ते तपासतात, 'काही नाही, विश्रांती घ्या' म्हणतात, औषधसुद्धा देत नाहीत, तरी आपण फी देतो. उलट हायसं वाटून देतो. आणि तपासलंच नाही असं वाटलं तर पुन्हा त्या डॉक्टरांकडे जात नाही. मेकॅनिककडेही एक प्रश्न विचारायचा, "कसं कळलं?" ज्याने शोधलंय तो हात धरून दाखवतो. पुली फिरवायला लावतो, चर दाखवतो, ओघळ दाखवतो. ज्याने शोधलं नाही तो म्हणतो, "या गाड्यांत तेच होतं."

तेव्हा माझ्यासारख्या, बॉनेट कुठून उघडतं हेही आठवावं लागणाऱ्या मंडळींना माझं सांगणं एवढंच. आवाज आला तर तो कधी येतो ते लिहून ठेवा, थंड की गरम, एसी लावल्यावर की वळताना. गॅरेजला गाडी आवाज येतो त्या अवस्थेत द्या. काहीही बदलायच्या आधी म्हणा, "आधी शोधा, शोधायचे वेगळे पैसे देतो, काही बदलावं लागलं नाही तरी देतो." जुना पार्ट परत मागा आणि हातात घेऊन बघा. फवाऱ्याने आवाज बंद करून घेऊ नका. आणि खंडेनवमीला इंजिन ओल्या फडक्याने पुसा, प्रेशरने धुऊ नका. देव समजून घेईल.

मी त्या दिवशी मामांना पाचशे वेगळे दिले. त्यांनी घेतले नाहीत. मी म्हटलं, मग बिलावर लिहा. बऱ्याच वादावादीनंतर त्यांनी कॅश मेमोवर पुली, बेल्ट, मजुरीच्या खाली पेनने लिहिलं, "तपासणी ५००". लिहिता लिहिता म्हणाले, "लोक हसतील मला." मी तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवलाय.

रविवारी साताऱ्याला जाऊन आलो. खंबाटकी चढताना आईने मुद्दाम गाणी बंद करायला लावली आणि कान देऊन बसली. घाटमाथ्यावर म्हणाली, "पुढचा आवाज गेला हं. पण मागच्या दाराचा खडखड येतोय."

येतोय खरा. इतके दिवस ऐकूच आला नव्हता. सोमवारी रात्री गाडी मामांकडे सोडणार आहे. बघायचे पैसे मात्र आधी ठरवून.